गेन उतरवल्यावर

गिटार बदलायची म्हणून येणारा माणूस सुरुवातीला लाकूड, तारा, किंमत यांबद्दल बोलत नाही, स्वतःबद्दल बोलतो. ‘पूर्वी मेटल वाजवायचो, आता सोसत नाही.’ ‘मधे पोरंबाळं, घराचे हप्ते यात सगळं सुटलं. आता परत बसावंसं वाटतंय, पण तेच जुनं नको.’ मी ऐकून घेतो, चहा विचारतो आणि आहे ती गिटार टेबलावर ठेवायला सांगतो. आवड बदललेली असते यात शंका नाही. पण म्हणून गिटार बदलायलाच हवी का, हा निराळा प्रश्न. कधी तारा बदलून भागतं, कधी लाकडाच्या एका तुकड्यावर भागतं आणि कधी नवी घेण्यावाचून खरंच इलाज नसतो.

मी राहतो स्वोर्ड्सला, डब्लिनच्या उत्तरेला. विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथे कुणाच्या ना कुणाच्या घरातलं माणूस तिथे शिफ्टला असतंच. मीही त्यातलाच. मेन स्ट्रीटच्या एका टोकाला आर्चबिशपसाठी बांधलेला सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा किल्ला, जवळच पॅव्हिलियन्स मॉल आणि भोवती एकसारख्या घरांच्या वसाहती. त्यातल्याच एका घरामागच्या शेडमध्ये मी शनिवार-रविवारी गिटारी दुरुस्त करतो. आधी इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांच्या करत होतो, मग मित्रांचे शेजारी यायला लागले, आता आयरिश, पोलिश, मल्याळी सगळे येतात.

काम बहुतेक सेटअपचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर नेक वाकलेली, अजिबात नसेल तर नेक उलटी गेलेली. मग ॲलन की घेऊन नेकच्या आतला ट्रस रॉड पाव फेरा फिरवायचा, थोडं थांबायचं, परत मोजायचं. हिवाळ्यात बाहेर कितीही ओल असली तरी घरात हीटिंग चालू असतं, लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येऊन बोटांना बोचायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत माझा बराचसा वेळ ती टोकं कानशीने घासण्यात जातो. फ्रेटबोर्डला तेल लावताना कधीकधी गंमत वाटते, कारण ते लाकूड पुष्कळदा आपलंच असतं. शिसव. सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारं झाड, आजीच्या कपाटाचं लाकूड, आणि जगभरच्या गिटारींवर पट्टी होऊन बसलेलं. 2017 ते 2019 या काळात साइट्स करारामुळे शिसवी लाकडाच्या वाद्यांच्या आयात-निर्यातीला परवान्याचे कागद लागायचे. तेव्हा गिटार परदेशात विकायला काढलेले लोक फ्रेटबोर्ड कसला आहे हे माझ्याकडून बघून घ्यायचे.

पण मुद्दा आवडीचा. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचा, आणि त्यांचा प्रवास बहुतेक एकाच दिशेचा असतो: जास्त गेनकडून कमी गेनकडे. अँपवरचं गेनचं बटण चढवलं की आवाज फाटतो, दाटतो, लांबतो. तार हळू छेडा की जोरात, बाहेर येणारा आवाज जवळपास सारखाच. म्हणून मेटल वाजवणाऱ्याला उजव्या हाताचा हलकेपणा फारसा लागत नाही, लागते ती अचूकता आणि वेग. इंटोनेशन थोडं इकडेतिकडे असलं तरी दोन स्वरांच्या पॉवर कॉर्डमध्ये खपून जातं. गेन उतरवला की हे सगळं उघडं पडतं. तिसऱ्या फ्रेटवरचा गंधार किंचित चढा आहे, जुनी तार मेली आहे, व्हॉल्यूमचं बटण अर्ध्यावर आणलं की आवाजातली धारच जाते (पिकअप, पोटेन्शिओमीटर आणि लांब केबल मिळून वरच्या कंपनांना गाळून टाकतात म्हणून), आणि प्लेक्ट्रम तारेवर कुठे लागतंय यावर प्रत्येक स्वराचा रंग ठरतो. माणसाला वाटतं, माझी गिटार या संगीताची नाही. खरं तर गिटार त्याला पहिल्यांदाच ऐकू येत असते.

म्हणून मी आधी नव्या तारा चढवतो, इंटोनेशन जुळवतो, व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरवर एक छोटा कपॅसिटर टाकतो आणि गिटार परत देतो. ‘महिनाभर क्लीन वाजवा, मग दुकानात जा.’ बरेच जण परत येत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला चांगला नाही.

परत आलेल्यांपैकी एक जण पक्का लक्षात आहे. जन्माने स्वोर्ड्सचा, पेशाने प्लंबर, ऐंशीच्या दशकात वाढलेला, म्हणजे थिन लिझी आणि पुढे सगळं मेटल. गिटार त्या काळाच्या थाटाची: अणकुचीदार, काळी, फ्लॉइड रोझ ब्रिजची. त्याची मुलगी कोल्तसच्या वर्गात फिडल शिकत होती. आयरिश परंपरागत संगीत जपण्यासाठी 1951 साली निघालेली ही संस्था, गावोगावी शाखा असलेली. बापाला लेकीबरोबर घरी वाजवायचं होतं. त्यासाठी त्याला डॅडगॅड हवं होतं.

डॅडगॅड म्हणजे तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायच्या. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने साठच्या दशकात ही लावणी रुळवली आणि पुढे बॉथी बँडच्या मिहॉल ओ डोनेलने ती आयरिश साथीत मुरवली. नेहमीच्या लावणीतली सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवली की झालं. कॉर्ड ना धड मेजर, ना मायनर, मोकळी राहते आणि फिडलवाल्याला हवं तिकडे वळता येतं. तानपुऱ्यात वाढलेल्या कानाला हे चटकन भावतं. प्लंबरला मी तसं सांगितलं तर त्याने भुवया उंचावल्या.

आता फ्लॉइड रोझवर हे करून बघा. हा ब्रिज तरंगता असतो. एका बाजूने सहा तारांचा ताण, दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगांचा, आणि दोहोंच्या समतोलात ब्रिज अधांतरी. सहावी तार उतरवली की तारांच्या बाजूचा ताण कमी होतो, स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. त्या उतरवायला जावं तर सहावी परत चढते. शिवाय नटपाशी तारा स्क्रूने आवळलेल्या, म्हणजे खुंट्या फिरवून उपयोग नाही, आधी ते सोडवा. तो माझ्यासमोर स्टुलावर बसून पुटपुटत हे करत होता आणि मुलगी शेजारी फिडल घेऊन ताटकळत उभी. अखेर मी मागची झाकणी उघडली, ब्रिजचा ठोकळा आणि लाकूड यांच्यामधली फट मोजली आणि सागवानाचा एक तुकडा घासून दोन्ही बाजूंना घट्ट बसवला. ब्रिज हलायचा बंद. तरंगत्याचा अचल झाला.

‘किती झाले?’

‘लाकूड फुकट, तारांचे द्या.’

तेवढ्यावर तो बरेच महिने वाजवत होता. मग आला आणि म्हणाला, आता नवी घ्यायचीय, कारण आता काय हवंय ते कळलंय. अचल ब्रिज, किंचित रुंद नेक आणि पोकळ अंगाची, म्हणजे स्वयंपाकघरात अँप न लावताही ऐकू येईल अशी. त्याने 1958 सालच्या गिब्सन ईएस-335 च्या धर्तीची, पण साध्या कंपनीची, सेकंडहँड गिटार घेतली. त्या गिटारच्या मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा असतो आणि बाजूला पोकळी, म्हणून ती पूर्ण पोकळ गिटारीइतकी घुमत नाही. माझ्या मते अशीच खरेदी करावी: जुनीला जमेल तितकं वाकवून घ्यावं आणि ती जिथे वाकायला नकार देते ती जागा नीट पाहून ठेवावी.

माझं स्वतःचं वळण साधारण असंच, पण वेगळ्या रस्त्याने आलेलं. नव्वदच्या दशकात डोंबिवलीहून धोबीतलावला जायचं, फुर्टाडोजच्या काचेतून बाहेरच्या गिटारी बघायच्या आणि घरी गिव्हसन वाजवायची, हे आमच्या पिढीतल्या अनेकांचं. रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक ऐकायला जायचो. रॉक मशीनमध्ये, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडमध्ये, लीड गिटारवर महेश तिनईकर. रॉकच्या मंचावर एक मराठी आडनाव दिसलं की डोंबिवलीच्या पोरांना जो धीर यायचा तो शब्दांत सांगता येणार नाही. नोकरी लागल्यावर पहिली मोठी खरेदी म्हणून मी फ्लॉइड रोझवाली गिटार घेतली, आणि तीच घेऊन आयर्लंडला आलो.

इथे आल्यावर गणपती, दिवाळी, कोजागरी अशा कार्यक्रमांत साथीला बसायला लागलो. भावगीतं, जुनी नाट्यपदं, मधे एखादं आरडीचं गाणं. गाणाऱ्या काकू पहिल्याच तालमीला म्हणाल्या, ‘माझी पट्टी पांढरी पाच. आणि तुमचा तो खरखराट जरा बंद ठेवा हं.’ खरखराट बंद ठेवला, तर नवीच अडचण. भावगीताच्या साथीत मी एका तारेवर मींड घेतो आणि शेजारच्या तारेवर षड्ज तसाच वाजता ठेवतो. तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की ताण वाढून ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. मींड वर चढते आहे आणि खाली षड्ज घसरतो आहे. मेटलमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तालमीत मात्र पेटीवाले काका दर वेळी मान वर करून माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत, तेच जास्त लागायचं.

तेव्हा माझ्याही गिटारच्या पाठीत सागवानाचा तुकडा गेला. ब्रिजचा प्रश्न सुटला, मग पिकअपची पाळी. मधला पिकअप सिंगल कॉइल, आणि क्लीनमधला त्याचा आवाज मला सगळ्यात आवडायचा. पण कार्यक्रम होतात शाळांच्या नाहीतर पॅरिशच्या हॉलमध्ये, जिथे ट्यूबलाइट, डिमर, जुनं वायरिंग सगळं हजर. सिंगल कॉइल आसपासची विजेची घरघर पकडतो. भारतात काय, इथे काय, वीज 50 हर्ट्‌झची, आणि ऐकू येते ती पुष्कळदा तिच्या दुपटीची, 100 हर्ट्‌झची घरघर. पांढरी पाचचा खालच्या सप्तकातला स्वर साधारण 98 हर्ट्‌झ. म्हणजे काकूंच्या षड्जाखाली माझा अँप जवळजवळ तोच षड्ज धरून बसलेला, पण किंचित चढा, अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका. बेसूर तानपुरा यापेक्षा बरा. काळी चार असती तर निदान वेगळा स्वर म्हणून कानाने सोडून तरी दिलं असतं. यावरचा उपाय गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्येच काढून ठेवला आहे: दोन कॉइल, उलट्या वेढ्यांचे, उलट्या चुंबकांचे. तारेचा आवाज दोघांत मिळून दुप्पट होतो आणि घरघर एकमेकांना खाऊन टाकते. हंबकर.

तर मला हवी ती गिटार अशी ठरली: अचल ब्रिज, नेकपाशी मऊ आवाजाचा हंबकर आणि व्हॉल्यूमचं बटण करंगळीला पोचेल असं, कारण गाणं सुरू झालं की साथीदाराने मागे सरकायचं असतं. दुकानात मी आधी गिटार वायर न लावता वाजवली. दुकानातला मुलगा अँपचा प्लग हातात घेऊन उभा, त्याला थांबवलं. कोपऱ्यात एक पोरगा फुल आवाजात रिफ वाजवत होता. कुठल्याही देशातल्या गिटारच्या दुकानात तो असतोच, बहुधा पगारावर ठेवलेला. बिनवायरीची गिटार पोटाशी धरली की कंपन बरगड्यांना कळतं आणि मेलेले स्वर लपत नाहीत. मग क्लीन अँप, बटण निम्म्यावर, एक तार सोडलेली आणि शेजारच्या तारेवर पंचमापासून कोमल धैवतापर्यंत मींड. षड्ज हलला नाही. टेलिकास्टरच्या घडणीची ती गिटार दिसायला अगदीच साधी होती. टेलिकास्टरचा आराखडाच मुळात 1950 चा, एक पाट आणि त्यावर स्क्रूने बसवलेली नेक. मला घरी नेताना जरा कमीपणा वाटला, खोटं कशाला बोलू.

लोक संगीताच्या प्रकारावरून गिटार निवडतात, ही ब्लूजची, ती मेटलची. त्यांना मी ग्रीनी नावाच्या गिटारचा इतिहास सांगतो. 1959 सालची लेस पॉल, पीटर ग्रीनने फ्लीटवूड मॅकमध्ये तिच्यावर ब्लूज वाजवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती बेलफास्टच्या गॅरी मूरकडे आली. तो पुढे थिन लिझीत गेला, हार्ड रॉक वाजवत राहिला आणि 1990 मध्ये ‘स्टिल गॉट द ब्लूज’ काढून ब्लूजकडे वळला. आवड पुरती फिरली तरी ती गिटार घरातच होती. 2006 मध्ये त्याने ती विकली आणि 2014 पासून ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. ब्लूजची म्हणावी की मेटलची?

आणि रॉरी गॅलाहर तर इथलाच देव. 1961 ची स्ट्रॅटोकास्टर, 1963 मध्ये कॉर्कच्या क्राउलीजमधून 100 पौंडांना, तीही हप्त्याने. आधीचा मालक रॉयल शोबँडमधला. त्याने लाल मागवली होती, आली सनबर्स्ट, म्हणून लाल येताच ही विकून टाकली. रंगापायी! रॉरीने मरेपर्यंत, म्हणजे 1995 पर्यंत, ती सोडली नाही. घामाने रंग उडून लाकूड उघडं पडलं, फ्रेट बदलले, खुंट्या बदलल्या. 2024 च्या ऑक्टोबरात लिलावात तिला प्रीमियमसकट 8,89,400 पौंड आले आणि विकत घेणाऱ्यांनी ती राष्ट्रीय संग्रहालयासाठी दिली. माझी आयरिश गिऱ्हाइकं एकनिष्ठतेचा दाखला म्हणून त्याचं नाव काढतात, तेव्हा मी आठवण करून देतो की स्लाइड वाजवायला त्याने टेलिकास्टर वेगळी ठेवली होती. काम बदललं की तोही गिटार बदलत होता.

उलट्या दिशेचा प्रवासही असतो. आमच्याच वसाहतीतला एक मराठी मुलगा, जन्म इथला, ट्रान्झिशन इयरला, म्हणजे अजून शाळेत असलेला. ‘काका, मला सात तारांची हवी. बाबांच्या गिटारवर खालचे स्वर येतच नाहीत.’ आई मागे उभी राहून मला डोळ्यांनी नको म्हणत होती. बाबांची स्ट्रॅट आणायला सांगितली, जाड तारा चढवल्या, त्यासाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागल्या, आणि सगळं दोन स्वर उतरवून सी मध्ये लावलं. तो आठवडाभर वाजवून आला. तिथपर्यंत ठीक होतं, पण त्याला आणखी खाली, ए पर्यंत जायचं होतं, आणि साडेपंचवीस इंची लांबीवर ती तार सैल पडून फ्रेटवर आपटायची. पट्टी उतरली की तारेला लांबी लागते. इथे तारा बदलून भागणारं नव्हतं. मी आईला सांगितलं, ‘वहिनी, पोरगा बरोबर बोलतोय.’ वहिनींनी त्या दिवशी चहा घेतला नाही. मुलाने स्वतःच्या पार्टटाइमच्या पैशांतून सत्तावीस इंची लांबीची सेकंडहँड गिटार घेतली आणि बाबांच्या स्ट्रॅटचा नट मी नवा बसवून दिला.

माझी जुनी फ्लॉइड रोझवाली काळी गिटार पुष्कळ दिवस भिंतीवर होती. शेवटी विकायला काढली. ती बघायला ड्रोहेडाहून एक गृहस्थ आले, सत्तरी ओलांडलेले, टापटीप कोट घातलेले. तरुणपणी शोबँडमध्ये होते, सूट घालून, डान्स हॉलमध्ये गायकाच्या मागे. पुढे लग्नांमध्ये कंट्री वाजवलं. मी सवयीने अँप क्लीनवर ठेवला आणि व्हॉल्यूम निम्म्यावर आणला.

‘हे काय?’

‘असं वाजवून बघा, गिटारचा खरा आवाज कळेल.’

‘पन्नास वर्षं तोच ऐकला रे बाबा,’ असं म्हणून त्यांनी स्वतःच गेन शेवटपर्यंत फिरवला आणि एक कॉर्ड मारली. शेडच्या खिडकीची काच थरथरली. पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. त्यांनी ब्रिज हलवायचा व्हॅमी बार धरून खाली दाबला, तो काही हलला नाही, तेव्हा गिटार उलटी करून झाकणीकडे बघितलं.

‘आत काहीतरी ठोकलंयस तू.’

‘लाकूड आहे. ब्रिज हलू नये म्हणून.’

‘काढ ते,’ ते म्हणाले, ‘आणि एका स्क्रूला गंज आहे, त्याचे वीस युरो कमी कर.’